भरलेला डबा परत का येतो?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सर्दी-खोकल्याच्या जोडीने आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मूल तपासून झालेले असते, औषधाची चिठ्ठी हातात पडलेली असते आणि उठता उठता आई विचारते, "डॉक्टर, याला डब्यात काय देऊ?" वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, टीव्ही आणि आता मोबाइल, सगळीकडे या प्रश्नाची इतकी उत्तरे मिळतात की त्यांत आणखी एका पाककृतीची भर घालण्यात मला रस नाही. मी उलट विचारतो, "काल दिलेला डबा घरी कसा आला?" यावर बहुतेक वेळा आई जरा गप्प होते. मग म्हणते, "अर्धा तसाच होता." क्वचित, "दप्तरातच राहिला, रात्री वास आला तेव्हा कळलं."

पोटात गेले तेवढेच अन्न. बाकी सगळे म्हणजे आईची पहाटेची झोपमोड. म्हणून डब्यात काय घालावे याचा विचार करण्याआधी तो परत का येतो हे पाहावे, असे माझे मत आहे. त्याचे कारण सापडले की काय घालावे याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते.

जिल्ह्यातल्या वाचकांना वारजे म्हणजे मुंबई-बंगळूर महामार्गावरचा उड्डाणपूल आणि त्याखालची गर्दी एवढेच ठाऊक असण्याची शक्यता आहे. मुठेच्या काठचे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. आज इथे उंच इमारतींत राहणारी, पहाटे हिंजवडीची गाडी पकडणारी जोडपी आहेत आणि त्याच इमारती बांधायला मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली कुटुंबेही आहेत. दोघांची मुले माझ्याकडे येतात. एकाच्या पाठीवर तीन कप्प्यांचा गरम राहणारा डबा असतो, तर दुसरा महापालिकेच्या शाळेत जातो आणि तिथल्या पोषण आहारावर जेवतो. फी भरणाऱ्या पालकांना या दुसऱ्या मुलाची कणव येते. पण त्याच्या ताटाचा हिशोब मांडून पाहिला तर ती कणव कुठे कुठे उलटी फिरवावी लागेल.

शाळांतल्या पोषण आहाराची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्यच वाटले जाई. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या, असा आदेश दिला आणि शाळांत चुली पेटल्या. २०२१ साली योजनेचे नाव बदलले, पण मापे तीच राहिली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. म्हणजे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. प्रत्यक्षात कुठे डाळ पातळ असते, कुठे भाजी नावापुरती दिसते, हे खरे आहे. तरीही हे माप विचार करून ठरवलेले आहे आणि घरच्या डब्यालाही ते लावून पाहायला हरकत नाही. चार ग्लुकोज बिस्किटांत प्रथिने असतात दीड ग्रॅमच्या आसपास. जॅम लावलेल्या दोन पावांत चार-पाच ग्रॅम. खिचडी खाणारे मूल इथे पुढे निघून जाते.

आता परत येणाऱ्या डब्याकडे वळू.

पहिले कारण वेळेचे. मधल्या सुट्टीसाठी पंधरा-वीस मिनिटे मिळतात असे पालक धरून चालतात. त्यात रांगेने हात धुणे, डबा काढणे, शेजारच्याने काय आणले ते पाहणे, पाणी पिणे आणि जमले तर लघवीला जाऊन येणे, हे सगळे आले. हातात खरी दहा मिनिटे उरतात. पाच वर्षांचे मूल घरी एक पोळी खायला किती वेळ घेते, हे घड्याळ लावून एकदा पाहावे. मोठ्या माणसाच्या पोटाला पुरेल असा डबा भरून तो संपत नाही म्हणून त्याला रागावणे हा अन्याय आहे. डबा लहान हवा. दोन सुट्ट्या असतील तर दोन लहान डबे हवेत. खाऊच्या डब्यातले अन्न तीन-चार मिनिटांत संपावे आणि पोळीभाजीच्या डब्यातले दहा.

दुसरे कारण मोठ्यांना हसू येईल असे आहे. झाकण उघडत नाही! हवाबंद, चारी बाजूंनी खटके असलेले डबे आईच्या हाताला सोपे असतात, बालवाडीतल्या मुलाच्या बोटांत तेवढा जोर नसतो. बाई चाळीस मुलांपैकी किती जणांचे डबे उघडणार? दोनदा खटपट करून मूल डबा परत दप्तरात टाकते आणि घरी सांगते, "भूक नव्हती." नवा डबा आणला की मुलाला जमिनीवर बसवून त्याच्याकडून पाच वेळा उघडून, बंद करून घ्यावा. जमत नसेल तर दुकानात बदलून आणावा. जुना, साध्या झाकणाचा स्टीलचा डबा यात सगळ्यांच्या पुढे आहे. शिवाय गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये भरण्याचा प्रश्नही त्यात येत नाही.

तिसरे कारण अन्नाच्या रूपाचे. सकाळी सहाला केलेली मऊ पोळी गरम असतानाच डब्यात कोंबली की वाफेने आधी ओली होते आणि दहा वाजेपर्यंत चामट. लहान मुलांचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, हे आपण विसरतो. दात हलत असलेल्या मुलाने ती पोळी तोडायची कशी? पोळी जाळीवर निववून मग भरावी, तिचे चार तुकडे करावेत किंवा आत भाजी घालून गुंडाळी करावी. आपल्या आज्या प्रवासाला निघताना दुधात कणीक भिजवून दशम्या करत, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहत. आता दशमी फक्त लोकांच्या बोलण्यात उरली आहे, ती डब्यात परत यावी असे मला फार वाटते. रस्सा आणि पातळ भाजी मात्र नको. एकदा वहीला तेल लागले की मूल त्या भाजीचे नाव काढू देत नाही.

चौथे कारण पोटाचे. सकाळी उठल्याबरोबर मोठा पेला भरून दूध आणि त्यात दोन चमचे चॉकलेटी पावडर ही अनेक घरांत पूजेसारखी नेमाने चालणारी गोष्ट झाली आहे. मूल ते नाक दाबून पिते, व्हॅनमध्ये मळमळते आणि दहा वाजेपर्यंत त्याला भूक नसते. दूध चांगलेच आहे. पण दिवसाला दोन लहान पेले पुरेत. त्यापेक्षा जास्त दूध जेवणाची जागा घेते आणि दुधात लोह जवळजवळ नसते. त्या पावडरीत साखर किती आहे ते डब्याच्या मागे वाचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले होते, ते उगीच नव्हे. दुसऱ्या टोकाला चहा-चपाती खाऊन निघणारी मुले आहेत. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. लहान मुलाला चहा नकोच.

राज्य सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा उद्देश. त्याचा दुसरा फायदा असा की नऊला शाळा असेल तर मुलाला घरी बसून न्याहारी करता येते आणि मग डब्यावर सगळा भार पडत नाही. ज्यांच्या घराबाहेर अजूनही साडेसहाला व्हॅनचा भोंगा वाजतो, त्यांनी खाऊचा डबा हीच न्याहारी समजावी आणि ती तशीच भरावी.

पाचवे कारण मुले सांगत नाहीत, ते काढून घ्यावे लागते. माझ्याकडे येणारी एक पहिलीतली मुलगी डबा रोज परत आणत होती. आईने रागावून पाहिले, आमिष दाखवून पाहिले. शेवटी आजीने विचारले तेव्हा कळले, मेथीच्या भाजीला वास येतो म्हणून बाकावरची मैत्रीण नाक मुरडत होती. भाजी-भाकरी, लसणाची चटणी आणणारे मूल वर्गात एकटे पडते आणि केक आणणाऱ्याभोवती गर्दी होते. हे घरी सुटणारे नाही, बाईंनी वर्गात सगळ्यांबरोबर बसून भाकरी खाल्ली तर सुटते. मला माहीत असलेल्या एका बालवाडीत बाई आठवड्यातून एकदा आपला भाकरीचा डबा मुलांसमोर उघडतात. भाषण काही देत नाहीत. मुले मागून मागून घास घेतात.

याच ओघात अंड्याविषयी बोलतो. कित्येक शाळांच्या सूचनापत्रकात अंडे आणू नये असे छापलेले असते. ज्या घरी अंडे चालत नाही त्यांनी ते द्यावे असे मी मुळीच म्हणणार नाही, त्यांच्यासाठी डाळी, दूध, शेंगदाणे आहेत. पण ज्या घरात चालते तिथल्या मुलाचे, सहा ग्रॅम उत्तम प्रथिने देणारे, स्वस्त, पाच मिनिटांत होणारे अन्न शाळेने दारातच अडवू नये. वाटल्यास वेगळे बसवू नका, फक्त हात धुवायला साबण ठेवा. सरकारी पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा अंडे देणे सुरू झाले होते, न खाणाऱ्यांना केळे. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी पैसा थांबला आणि शाळांनी लोकवर्गणीतून जमवावे असे ठरले. बांधकामावरच्या मजुरांनी वर्गणी कशातून द्यायची, हा प्रश्न मला पडतो.

एवढे सगळे कशासाठी, असे कोणी विचारेल. मूल तर हसते-खेळते आहे! याचे उत्तर पापणी खाली ओढून पाहिले की मिळते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी शंभरात ६७ जणांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रात हा आकडा ६९ च्या घरात होता. त्याआधी २०१६ ते २०१८ मध्ये रक्त शिरेतून काढून झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २४ टक्के होते. कोणताही आकडा धरा, प्रत्येक वर्गात अशी मुले आहेत. त्यात सोसायटीतली मुलेही असतात. अशा मुलाला काही दुखत नाही. ते लवकर थकते, चिडचिड करते, वर्गात जांभया देते आणि प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' असा शेरा घेऊन घरी येते. वडील त्याला शिकवणी लावतात. त्याला हवे असते लोह.

आता काय घालावे ते थोडक्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० उष्मांक, १६ ग्रॅम प्रथिने आणि ११ मिलिग्रॅम लोह लागते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला १,७०० उष्मांक, २३ ग्रॅम प्रथिने आणि १५ मिलिग्रॅम लोह. शाळेत जाणाऱ्या दोन्ही डब्यांनी मिळून यातला पाव ते तिसरा हिस्सा उचलावा, एवढीच अपेक्षा. दोन लहान पोळ्या चमचाभर तूप लावून, मूठभर मटकीची कोरडी उसळ आणि शेंगदाण्याचा एक छोटा लाडू. याचा हिशोब चारशेच्या वर उष्मांक आणि बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असा येतो. सरकारी खिचडीच्या मापाला आपण सहज पोचलो, आणि त्यात परदेशी फळ, महागडे बी किंवा बदामाचे पीठ काही लागले नाही. लहान बाळाला यातले पाऊण पुरेल.

भाजणीचे थालीपीठ मला डब्याचा राजा वाटते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा, उडीद एकत्र आले की धान्यातले उणे डाळीने भरून निघते. हे आपल्या बायकांना शास्त्र न शिकता ठाऊक होते. कांदा बारीक चिरावा, तिखट बेताचे ठेवावे, बशीएवढे छोटे थापावे आणि बरोबर दह्याऐवजी लोणी किंवा शेंगदाण्याची चटणी द्यावी. मूगडाळीचे धिरडे, नाचणीचे घावन, इडलीला तिळाची चटणी, मटार घातलेला उपमा, पालक घालून केलेल्या पुऱ्या, मोकळा मऊ सांजा. कांदेपोहे द्यायचे तर त्यात मूठभर मोड आलेले मूग आणि शेंगदाण्याचे कूट घालावे, नाहीतर ते नुसते तेल लावलेले तांदूळ होतात. वर लिंबू पिळायला विसरू नये. भाज्या-धान्यांतले लोह आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वाबरोबर जास्त प्रमाणात अंगी लागते. लिंबू, पेरू, आवळा, मोसंबीची फोड, डब्यात यातले काहीही एक असावे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तिळात त्याहून कितीतरी जास्त. दूध न आवडणाऱ्या मुलाच्या आईने एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

गुळाविषयी एक गैरसमज घट्ट बसला आहे. गुळाने रक्त वाढते म्हणून मुलाला येता-जाता गूळ, गूळपापडी, गुळाची चिक्की दिली जाते. गुळात लोह थोडे असते, पण मुलाने जेवढा गूळ खावा तेवढ्यातून ते नगण्यच मिळते. बाकी ती साखरच. लाडवातले शेंगदाणे, तीळ, अळीव कामाचे. गूळ ते बांधण्यापुरता.

तयार पुड्यांच्या खाण्यावर मी रोज बोलतो आणि रोज हरतो. तरी लिहितो. नूडल्सच्या पुडीच्या मागे सोडियमचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, लहान मुलाने त्याहूनही कमी. गुणाकार करून पाहा आणि मग पुडी घ्यायची की नाही ते ठरवा. फळाच्या चित्राच्या गोड पेयात दर १०० मिलिलिटरला किती ग्रॅम साखर हेही लिहिलेले असते. पाच वर्षांच्या मुलाने दिवसभरात वरून घातलेली साखर चार चमच्यांच्या आत ठेवावी हे चांगले. अशा एका खोक्यात बहुतेक वेळा त्याहून जास्त साखर असते. 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या बिस्किटाच्या घटकांत पहिला शब्द मैदा असेल तर ते मैद्याचे बिस्कीट आहे.

नियम पुष्कळ झाले. राज्य शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, नूडल्स, थंड पेये, केक असल्या वस्तू विकायला मनाई केली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम केला की जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आपापल्या मुलांच्या शाळेसमोर उभे राहून ५० मीटर मोजावेत, करमणूक होईल. पण फाटकावरच्या गाडीला नियम लागू होतो, दप्तरातल्या डब्याला नाही. दहा रुपयांची पुडी आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने डब्याच्या कप्प्यात ठेवली तर कोणता निरीक्षक ती काढून घेणार?

ती पुडी का ठेवली जाते हेही मी पाहतो. आई पाचला उठते. सासऱ्यांचा चहा, नवऱ्याचा डबा, तिचा स्वतःचा डबा, मुलांची आंघोळ, आणि सव्वासहाला खाली व्हॅन. तिला चौरस आहारावर प्रवचन देणारे आम्ही डॉक्टर, शाळेच्या बाई आणि मोबाइलवरून काकडीचे बेडूक, गाजराची फुले करून दाखवणाऱ्या ताई, सगळे मिळून तिच्या डोक्यावर आणखी एक परीक्षा ठेवतो. पालकांच्या गटांत डब्यांचे फोटो टाकायची पद्धत पडली आहे. ती बंद व्हावी. आठवडाभराचा ठरलेला तक्ता शाळा घरी पाठवते, सोमवारी हे, मंगळवारी ते. त्यातही एका मुलासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागेल असे काही असू नये. घरात जे शिजते त्यातलेच थोडे कोरडे करून डब्यात जावे. आणि घरातल्या पुरुषांना माझे सांगणे आहे की कडधान्य रात्री भिजवणे, लाडू वळणे, कणीक मळणे याला बाईचाच हात लागतो असे कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेले नाही. निदान संध्याकाळी दप्तरातून डबा बाहेर काढून, उघडून पाहण्याचे काम तरी वडिलांनी घ्यावे. रोज उघडून पाहणाऱ्याला महिन्याभरात मूल काय खाते ते आहारतज्ज्ञापेक्षा जास्त कळते.

उघडताना रागवायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. रागावले की मूल डबा रिकामा करून आणायला शिकते, कचऱ्याच्या पेटीत किंवा व्हॅनच्या सीटखाली. मग आपल्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री दोनातले एक निवडायला सांगावे. उद्या धिरडे की उसळ-पोळी? स्वतः निवडलेले मूल सहसा खाते. नवी भाजी डब्यात पहिल्यांदा देऊ नये, ती आधी घरी चार-आठ वेळा ताटात येऊन जाऊ द्यावी.

काही सूचना मात्र कडक आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, अख्खे काजू-बदाम, फुटाणे, गोटीसारखी गोल द्राक्षे डब्यात देऊ नयेत. हसता-खेळता दाणा श्वासनलिकेत जातो आणि मग मिनिटांचा खेळ असतो. दाण्याचे कूट करावे, द्राक्षे उभी चिरावीत. ज्या मुलाला शेंगदाण्याने किंवा अंड्याने अंगावर गांध्या उठतात, त्याच्या पालकांनी ते वर्गशिक्षकांना लिहून द्यावे, मुले एकमेकांचे घास खातात. आदल्या रात्री ओट्यावर राहिलेला भात सकाळी परतून देऊ नये. उरलेला भात ठेवायचाच तर रात्रीच फ्रीजमध्ये जावा आणि सकाळी वाफा येईपर्यंत गरम व्हावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात ओले खोबरे, मेयोनीज, दुधाच्या मिठाया नकोत. बंद डब्यात चार तासांत ते बिघडू शकतात.

डब्याबरोबर पाण्याची बाटलीही उघडून पाहावी. ती भरलेलीच परत येत असेल तर मूल शाळेत पाणी पीत नाही, आणि का पीत नाही असे विचारले तर बरीच मुले, विशेषतः मुली, सांगतात की तिथल्या संडासात जायचे नसते. पाणी कमी, दिवसभर शी-लघवी दाबून धरलेली, डब्यात मैदा. मग पोटात दुखते म्हणून मूल माझ्याकडे येते आणि आई जंताचे औषध मागते. बहुतेकांना झालेला असतो बद्धकोष्ठ. अशा मुलाला अन्नाची वासनाही राहत नाही. तिथे डब्यातला पदार्थ बदलून काय होणार?

जंतांचेही औषध हवे, पण वेळेवर. २०१५ पासून जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून वर्षात दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, गोळी मिळते. ती चुकवू नका. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी लोहाची आठवड्याला एक गुलाबी गोळी सरकारी कार्यक्रमात आहे. काही मुले ती खिशात घालून घरी आणतात, खिसे तपासा. भूक वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटल्या मात्र मागू नका. मूल माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, सहा महिने वजन हलले नसेल, जिने चढताना दमत असेल तर रक्त तपासून घ्यावे आणि लोह लागेल तेवढे, डॉक्टरांच्या मापानेच द्यावे. लोहाच्या गोळ्या-औषधे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात. एकदम जास्त पोटात गेल्यास ती विषासारखी असतात.

जुलैत बहुतेक शाळांतून पालकसभा होतात. तिथे गृहपाठ आणि स्नेहसंमेलनावर तासभर बोलणे होते, डब्यावर कोणी बोलत नाही. या वेळी चार गोष्टी विचाराव्यात. मुलांना बसून खायला खरोखर किती मिनिटे मिळतात? ज्याला झाकण उघडत नाही त्याच्याकडे कोण पाहते? हात धुवायच्या नळापाशी साबण आहे का? आणि मुलींच्या संडासाला कडी आणि पाणी आहे का? ही शेवटची चौकशी नुसती तोंडी करू नये. सभा संपल्यावर आयांनी स्वतः जाऊन नळ सोडून पाहावा.